अमेरिकेच्या नगरपालिकाबाह्य क्षेत्रातील घरगुती कचरा व मालमत्तेची स्वच्छता

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जो भूभाग कोणत्याही शहराच्या वा नगराच्या हद्दीत मोडत नाही आणि ज्याचा स्थानिक कारभार थेट काउंटीकडे असतो, त्याला नगरपालिकाबाह्य किंवा असमाविष्ट क्षेत्र म्हणतात. अशा क्षेत्रात घरातला कचरा कोणी उचलायचा, तो कोठे टाकायचा, अंगणात व परसात काय साठवता येते आणि मालकाने जागा अस्वच्छ ठेवल्यास कोणती कारवाई होते, यासंबंधीचे नियम संघराज्य, राज्य व काउंटी अशा तीन पातळ्यांवरील कायद्यांतून आणि पुष्कळ ठिकाणी खाजगी करारांतून घडलेले आहेत. शहरांत कचरा उचलणे ही बहुधा नगरपालिकेची सेवा असते. नगरपालिकाबाह्य क्षेत्रात ती सेवा असेलच असे नाही. कचरा साचू न देण्याची जबाबदारी मात्र रहिवाशावर असतेच. सेवा आणि जबाबदारी यांतील ही तफावत या विषयातील बहुतेक वादांच्या मुळाशी आहे.

संज्ञा आणि व्याप्ती

‘नगरपालिकाबाह्य’ याचा अर्थ ‘ग्रामीण’ असा नाही. नेवाडातील लास व्हेगासचा प्रसिद्ध ‘स्ट्रिप’ हा रस्ता बव्हंशी लास व्हेगास शहरात नसून पॅराडाइज या नगरपालिकाबाह्य वस्तीत आहे आणि तिची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार १,९०,००० हून अधिक होती. कॅलिफोर्नियातील लॉस एंजेलिस काउंटीत ८८ शहरे असली तरी तिच्या क्षेत्रफळाचा सुमारे दोन तृतीयांश भाग त्यांच्या हद्दींबाहेर असून तेथे दहा लाखांहून अधिक लोक राहतात. टेक्सासमधील ह्यूस्टन ज्या हॅरिस काउंटीत आहे, तिच्या नगरपालिकाबाह्य भागाची लोकसंख्या तर २० लाखांच्या घरात आहे. दुसऱ्या टोकाला शेतजमिनी, वाळवंट आणि डोंगराळ प्रदेश येतात. तेथे एका घरापासून दुसरे घर मैलभर दूर असू शकते. एकच कायदा या दोन्ही प्रकारच्या वस्त्यांना लागू होत असल्याने त्याची परिणामकारकता ठिकठिकाणी वेगळी दिसते.

सर्व राज्यांत ही व्यवस्था सारखी नाही. न्यू जर्सीत राज्याची सर्व जमीन कोणत्या ना कोणत्या नगरपालिकेच्या हद्दीत येते, तर हवाईत काउंटीखालील नगरपालिकाच अस्तित्वात नाहीत.

मराठी वाचकाने येथे ग्रामपंचायतीशी तुलना करण्याचा मोह टाळणे इष्ट. महाराष्ट्रातील गावांना १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार स्वतःची निवडून आलेली संस्था मिळते आणि गावाची स्वच्छता हा तिच्या कामांपैकी एक विषय असतो. अमेरिकेतील नगरपालिकाबाह्य वस्तीला बहुधा अशी स्वतःची पंचायत नसते. तिच्यासाठी निर्णय घेणारे मंडळ काउंटीच्या मुख्यालयात बसते आणि तेच मंडळ संपूर्ण काउंटीचा कारभार पाहत असते.

काउंटीच्या अधिकारांची मर्यादा

काउंटी ही राज्याची प्रशासकीय शाखा मानली जाते. स्थानिक संस्थांना राज्याने स्पष्टपणे दिलेले किंवा त्यातून अपरिहार्यपणे निघणारे तेवढेच अधिकार असतात, हे तत्त्व आयोवाचे न्यायाधीश जॉन फॉरेस्ट डिलन यांनी १८६८ मध्ये मांडले व ते ‘डिलनचा नियम’ म्हणून ओळखले जाते. काही राज्यांनी पुढे काउंट्यांना स्वशासनाचे विस्तृत अधिकार दिले. कॅलिफोर्नियातील काउंट्या आरोग्य व स्वच्छतेसंबंधी स्वतःचे उपविधी करू शकतात. टेक्सासमध्ये याउलट २५४ काउंट्यांपैकी कोणालाही शहरांसारखा सर्वसाधारण उपविधी करण्याचा अधिकार नाही; जमीनवापराचे विभागीकरणही त्यांना सामान्यतः करता येत नाही. तेथील काउंटीच्या कारभारी मंडळाला ‘कमिशनर्स कोर्ट’ म्हणतात. नावात कोर्ट असले तरी ते प्रामुख्याने प्रशासकीय मंडळ आहे. शेजाऱ्याच्या परसात टायरांचा ढीग पडला आहे, अशी तक्रार या मंडळाकडे गेली, तर ‘ढीग वाईट दिसतो’ एवढे कारण त्याला पुरत नाही. राज्याच्या कायद्यातील नेमक्या कलमात तो ढीग बसावा लागतो.

संघराज्याचे कायदे

घरगुती कचऱ्याच्या दैनंदिन संकलनात संघराज्य लक्ष घालत नाही. १९६५ च्या घनकचरा विल्हेवाट कायद्याने या विषयात केंद्राचा प्रवेश झाला. १९७६ च्या संसाधन संवर्धन व पुनर्प्राप्ती कायद्याने उघड्यावरील कचराकुंड्यांना, म्हणजे अनियंत्रित उकिरड्यांना, देशभर मनाई केली. ग्रामीण रहिवाशांच्या दृष्टीने याहून मोठा बदल १९९१ च्या नियमांनी घडवला. पर्यावरण संरक्षण संस्थेने या नियमांद्वारे क्षेपणभूमीसाठी अस्तर, भूजलाची तपासणी आणि बंद झाल्यानंतरची देखभाल यांची सक्ती केली. हा खर्च छोट्या काउंट्यांना पेलणारा नव्हता. १९८८ मध्ये देशात सुमारे ८,००० क्षेपणभूमी होत्या. पुढील दोन दशकांत त्यांची संख्या २,००० च्या खाली आली. विहिरींचे पाणी सुरक्षित झाले, पण गावाजवळचा कचरा डेपो बंद पडून शेतकऱ्याला आपला कचरा आता कितीतरी लांब न्यावा लागू लागला. ओढ्याकाठी आणि आडरस्त्याला कचरा टाकण्याच्या प्रकारांचा विचार करताना हे अंतर ध्यानात घ्यावे लागते.

संकलनाच्या पद्धती

नगरपालिकाबाह्य क्षेत्रात घरचा कचरा हलवण्याच्या अनेक पद्धती शेजारी शेजारी नांदताना दिसतात. सर्वांत जुनी पद्धत म्हणजे रहिवाशाने तो स्वतः वाहून नेणे. दक्षिणेकडील राज्यांत त्यासाठी काउंटीने देखरेखीखाली चालवलेली संकलन केंद्रे असतात. कुंपण, ठराविक वेळ आणि एक कर्मचारी असे त्यांचे साधे स्वरूप असते. टेनेसीच्या १९९१ च्या कायद्याने घरोघरी संकलनासारखी अधिक चांगली सेवा नसलेल्या काउंटीने किमान असे एक तरी केंद्र उपलब्ध करणे आवश्यक ठरवले.

दुसरी पद्धत खुल्या बाजाराची. रहिवासी आपल्या पसंतीच्या खाजगी ठेकेदाराशी करार करतो व मासिक शुल्क देतो. एकाच रस्त्यावर तीन कंपन्यांचे ट्रक तीन वेगवेगळ्या दिवशी फिरताना दिसणे हा या पद्धतीचा परिचित परिणाम होय. रस्त्यांची झीज व गोंगाट यांमुळे अनेक काउंट्यांनी ती सोडून एका भागासाठी एकच ठेकेदार नेमण्याचा मार्ग पत्करला. लॉस एंजेलिस काउंटीत या दोन्हींबरोबर तिसराही प्रकार आहे. तेथील काही जुन्या वस्त्यांसाठी ‘कचरा विल्हेवाट जिल्हे’ स्थापन केलेले असून त्यांचे शुल्क मालमत्ता कराच्या देयकातूनच वसूल होते. अशा भागात घरमालकाला सेवा नाकारण्याचा पर्याय उरत नाही, आणि शुल्क थकल्याने कचरा उचलणे बंद झाले असेही होत नाही. गरीब व भाडेकरूबहुल वस्तीत हा दुसरा मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

अलाबामाने सक्तीचा मार्ग घेतला. काउंटीची संकलन सेवा जेथे आहे, तेथे प्रत्येक घराने तीत सहभागी व्हावे किंवा स्वतःच्या पर्यायी व्यवस्थेबद्दल सूट-प्रमाणपत्र घ्यावे, असा तेथील राज्य कायदा आहे. ज्या कुटुंबाचे एकमेव उत्पन्न सामाजिक सुरक्षा निवृत्तिवेतन आहे, त्याला शुल्कातून माफी मिळते. ही माफी मागावी लागते, आपोआप लागू होत नाही.

टेक्सासमधील नव्या उपनगरांत ही कामे बहुधा ‘म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट’ या विशेष जिल्ह्यांकडे असतात. नावात ‘म्युनिसिपल’ असले तरी त्या नगरपालिका नव्हेत. पाणी व सांडपाण्याची सोय उभारण्यासाठी जिल्ह्याने रोखे काढावेत आणि ते रहिवाशांच्या करातून फेडले जावेत, हा त्यांचा मूळ हेतू. कचरा संकलनाचा ठेका देणे हे जोडकाम. ह्यूस्टनच्या उत्तरेस असलेल्या ‘द वुडलँड्स’ या एक लाखाहून अधिक लोकवस्तीच्या नगरपालिकाबाह्य उपनगरात टाउनशिप ही विशेष संस्था ठेकेदारामार्फत घरोघरचा कचरा उचलते. तेथील रहिवाशाला आपण शहरात राहत नाही, हे कचऱ्याच्या बाबतीत जाणवण्याचे कारणच नसते.

ओला कचरा आणि अस्वले

कॅलिफोर्नियाने १९८९ च्या कायद्याने शहरे व काउंट्या या दोहोंवर क्षेपणभूमीकडे जाणारा कचरा १९९५ पर्यंत २५ टक्के आणि २००० पर्यंत ५० टक्के घटवण्याचे बंधन घातले. २०१६ च्या सिनेट विधेयक १३८३ अन्वये १ जानेवारी २०२२ पासून ओला कचरा वेगळा गोळा करणे काउंट्यांनाही बंधनकारक झाले. विरळ वस्तीच्या आणि ४,५०० फुटांहून (सुमारे १,३७० मीटर) अधिक उंचीवरील भागांना मात्र सवलती आहेत. उंचीची सवलत केवळ खरकट्या अन्नापुरती आहे. डोंगरात अन्नाची वेगळी बादली घराबाहेर ठेवणे म्हणजे अस्वलाला आमंत्रण, हे त्यामागील एक व्यावहारिक कारण. अशा भागांत अस्वलाला उघडता न येणाऱ्या धातूच्या पेट्या घरासमोर बसवलेल्या दिसतात.

मालमत्तेची स्वच्छता : टेक्सासचा कायदा

नगरपालिकाबाह्य क्षेत्रापुरताच लिहिलेला आणि बराच तपशीलवार असा कायदा म्हणून टेक्सासच्या आरोग्य व सुरक्षा संहितेच्या ३४३ व्या प्रकरणाचा उल्लेख करता येईल. त्यात ‘सार्वजनिक उपद्रव’ कशाला म्हणावे हे एकेक करून सांगितले आहे. वस्तीत कचरा पूर्णपणे बंद झाकणाच्या भांड्यातच ठेवला पाहिजे. रद्दी, टाकाऊ गाड्या, फ्रीज, शेगड्या, फर्निचर, टायर व डबे यांसारख्या न कुजणाऱ्या वस्तू वस्तीत, किंवा सार्वजनिक रस्त्यापासून ३०० फुटांच्या (सुमारे ९१ मीटर) आत, दहा दिवस किंवा अधिक काळ ठेवणे हा उपद्रव ठरतो. त्या इमारतीत बंदिस्त असतील किंवा रस्त्यावरून दिसत नसतील तर ठरत नाही. डास, उंदीर व रोगवाहक प्राणी आकृष्ट होतील अशी अस्वच्छता, धोकादायक पडकी इमारत आणि कुंपण नसलेला पोहण्याचा तलाव हेही याच यादीत येतात.

रान माजण्याची मर्यादाही ठरलेली आहे. ३६ इंचांहून (सुमारे ९१ सेंटिमीटर) उंच वाढलेली, लागवड न केलेली झुडपे व गवत दुसऱ्या घरापासून ३०० फुटांच्या आत असल्यास मालकाला ती काढावी लागतात. गवत त्याहून बुटके असले तरी त्यात उंदीर-डास होण्याची शक्यता असेल तर उंचीचा प्रश्न राहत नाही. शहरांत ही मर्यादा बहुधा बरीच कमी असते. शेतजमिनीला आणि राज्याचा परवाना असलेल्या कचरा प्रकल्पांना हे प्रकरण लागू होत नाही.

पहिल्या गुन्ह्यास ५० ते २०० डॉलर दंड होतो. पूर्वी दोषी ठरलेल्यास २०० ते १,००० डॉलर दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात आणि उपद्रव चालू राहिलेला प्रत्येक दिवस स्वतंत्र गुन्हा धरला जातो. दंडाखेरीज काउंटीला जागा साफ करण्याची योजनाही राबवता येते. त्यासाठी आधी मालकाला लेखी नोटीस द्यावी लागते. पहिलीच नोटीस असल्यास उपद्रव दूर करण्यासाठी सुमारे एक महिना मिळतो, पूर्वी नोटीस मिळाली असेल तर कामाचे दहा दिवस. मालकाला सुनावणी मागण्याचा हक्क असतो. मुदतीत काही न झाल्यास काउंटी स्वतः सफाई करून तिचा खर्च व १०० डॉलरपर्यंतचे प्रशासकीय शुल्क वसूल करू शकते. ही रक्कम थकल्यास तिचा बोजा त्या मालमत्तेवर चढतो आणि तो फेडल्याशिवाय घर निर्वेधपणे विकणे अवघड होते.

कायद्याच्या शब्दरचनेतील एक व्याख्या विशेष विचारात घेण्यासारखी आहे. येथे ‘वस्ती’ म्हणजे ज्या भूखंडांचा आराखडा रीतसर नोंदवला गेला आहे असे उपविभाग आणि त्यांना लागून ३०० फुटांच्या आतील जमीन. आराखडाच कधी नोंदला न गेलेल्या जागेत बंद भांड्याचे कलम लागू होत नाही. तेथे रस्त्यापासूनचे अंतर आणि रोगराईची शक्यता या इतर कलमांवर विसंबावे लागते. अर्थात कागदोपत्री सर्वांत दुर्लक्षित राहिलेल्या वस्तीला या कायद्याचे संरक्षणही सर्वांत अपुरे मिळते.

कचरा जाळणे व पुरणे

परसातल्या पिंपात कचरा जाळण्याची सवय अमेरिकेच्या ग्रामीण भागात जुनी आहे. प्लास्टिकयुक्त कचरा कमी तापमानाला जळताना डायॉक्सिन तयार होते, आणि पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मोजदादीत हे घरगुती जाळणे देशातील डायॉक्सिनच्या मोठ्या ज्ञात स्रोतांपैकी एक ठरले आहे. अनेक राज्यांनी त्यावर पूर्ण बंदी घातली आहे. टेक्सासचा नियम मधला आहे : जास्तीत जास्त तीन कुटुंबांच्या खाजगी निवासात, तेथेच निर्माण झालेला घरगुती कचरा जाळता येतो, मात्र स्थानिक शासनाने कचरा संकलनाची सोय केलेली किंवा अधिकृत केलेली नसेल तरच. सेवा नसल्याची भरपाई म्हणून कायद्याने धूर मान्य केला आहे, असे याचे वर्णन करता येईल. अवर्षणात कमिशनर्स कोर्ट नगरपालिकाबाह्य क्षेत्रात उघड्यावर जाळण्यास ९० दिवसांपर्यंत मनाई करू शकते आणि मग तोही मार्ग बंद होतो.

स्वतःच्या जमिनीवर निर्माण झालेला, व्यावसायिक नसलेला कचरा त्याच जमिनीवर टाकणाऱ्या व्यक्तीला टेक्सासच्या बेकायदा कचराफेकीच्या कायद्यातून सूट आहे. उपद्रवाचे नियम तरीही लागू राहतात. दुसऱ्याच्या जागेत किंवा रस्त्याकडेला टाकलेल्या कचऱ्याची शिक्षा मात्र वजनावर ठरते : पाच पौंडांपर्यंत (सुमारे २.३ किलो) केवळ दंड, तर बिगर-व्यावसायिक कचराही १,००० पौंड (सुमारे ४५४ किलो) किंवा अधिक असल्यास तो गंभीर गुन्हा होऊन तुरुंगवासापर्यंत प्रकरण जाते. एखादी जुनी खोली पाडून निघालेला राडारोडा ट्रकभर नेला तरी ही सीमा सहज ओलांडली जाते.

अंमलबजावणी आणि नागरिकांचे हक्क

अंमलबजावणी मुख्यतः तक्रारीवर चालते. विस्तीर्ण काउंटीत नियमित तपासणी करण्याइतके निरीक्षक नसतात. शेजारी फोन करतो तेव्हा फाइल उघडते. त्यामुळे बांधावरची भांडणे कचऱ्याच्या तक्रारींचे रूप घेतात, असा अनुभव आहे. टेक्सासमध्ये काम शेरिफ किंवा कॉन्स्टेबलचे पर्यावरण पथक पाहते आणि किरकोळ खटले ‘जस्टिस ऑफ द पीस’ या स्थानिक दंडाधिकाऱ्यापुढे चालतात.

निरीक्षकाच्या अधिकाराला राज्यघटनेच्या मर्यादा आहेत. कामारा विरुद्ध म्युनिसिपल कोर्ट (१९६७) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छतेच्या तपासणीसाठीही, रहिवाशाची संमती नसल्यास, वॉरंट लागते असे ठरवले. मात्र ऑलिव्हर खटल्यात (१९८४) घराभोवतीच्या लगतच्या आवारापलीकडील मोकळ्या शेताला हे संरक्षण नाकारले गेले, आणि कॅलिफोर्निया विरुद्ध ग्रीनवुड (१९८८) या खटल्यात उचलण्यासाठी रस्त्याकडेला ठेवलेल्या कचऱ्याच्या पिशव्यांवर मालकाचा खाजगीपणाचा दावा उरत नाही, असा निर्णय झाला. टिम्ब्स विरुद्ध इंडियाना (२०१९) या निर्णयाने अवाजवी दंडाची घटनात्मक मनाई राज्यांनाही लागू झाली. दररोज वाढत जाणाऱ्या स्वच्छता-दंडांविरुद्धच्या युक्तिवादांना तिचा आधार घेता येतो.

खाजगी नियम

काउंटीचा कायदा ढिला असला तरी घरमालक संघांचे करार अनेकदा फार कडक असतात. कचऱ्याचे डबे रस्त्यावरून दिसू नयेत, ते संकलनाच्या दिवशीच बाहेर आणावेत, गवत अमुक उंचीवर कापावे, अशा अटी जमिनीच्या खरेदीखताबरोबरच येतात. ह्यूस्टनच्या पश्चिमेकडील नगरपालिकाबाह्य उपनगरांत घर घेणाऱ्या नव्या भारतीय कुटुंबांचा संबंध काउंटीपेक्षा आधी अशा संघाच्या पत्राशी येतो. टेक्सासच्या कायद्याने संघांच्या अधिकाराला थोडी वेसण घातली आहे : गवत, पाने व फांद्यांचे खत करण्यास संघ सरसकट मनाई करू शकत नाही.

कलोनिया आणि टीका

टेक्सास-मेक्सिको सीमेवरील ‘कलोनिया’ नावाच्या वस्त्यांत या व्यवस्थेचे दोष सर्वांत ठळकपणे दिसतात. विसाव्या शतकाच्या मध्यापासून विकासकांनी पाणी, सांडपाणी वा पक्के रस्ते नसलेले छोटे भूखंड हप्त्याने विकले. पूर्ण रक्कम फिटेपर्यंत मालकी विकणाऱ्याकडेच राहील, असे हे करार असत. टेक्सासमध्ये अशा दोन हजारांहून अधिक वस्त्या असून हिदाल्गो काउंटीत त्या सर्वाधिक आहेत. रस्ता कच्चा असल्यास पावसाळ्यात कचऱ्याचा ट्रक आत येऊ शकत नाही, आणि खाजगी सेवेचे मासिक शुल्क अनेकांना परवडत नाही. मग कचरा परसात साठतो किंवा जाळला जातो आणि त्याबद्दल दंडाची नोटीस येते. टीकाकारांचा मुख्य आक्षेप हाच आहे की, ज्या शासनाने सेवा दिली नाही, तेच शासन सेवा नसल्याच्या परिणामांबद्दल रहिवाशाला गुन्हेगार ठरवते.

याच्या विरुद्ध बाजूने असे मांडले जाते की, विरळ वस्तीत घरोघरी ट्रक पाठवण्याचा खर्च शेवटी करदात्यांवरच पडतो, आणि अनेक जण शहराचे कर व बंधने टाळण्यासाठीच हद्दीबाहेर राहायला गेलेले असतात. हा युक्तिवाद द वुडलँड्ससारख्या उपनगरांना काही अंशी लागू पडतो. ज्यांना हद्दीबाहेरचाच भूखंड परवडत होता, त्यांच्याबाबत तो लागू करणे कठीण आहे.

पूर्वी अशा वस्त्यांपुढे शहराच्या हद्दवाढीचा मार्ग होता. शहरात समाविष्ट झाल्यावर कर वाढत, पण कचऱ्याची गाडीही येई. टेक्सासने २०१७ व २०१९ मध्ये कायदा बदलून बहुतेक हद्दवाढींसाठी रहिवाशांची किंवा जमीनमालकांची संमती आवश्यक केली. सक्तीने समाविष्ट होण्याची भीती त्यामुळे दूर झाली. शहरांचाही, खर्चिक व कमी उत्पन्नाच्या वस्त्या सामावून घेण्याचा उत्साह आधीपासूनच बेताचा होता.